गुडघ्यातली रेघ

छगन वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते लक्षात ठेवणं जड जाईल. दारूला शिवत नव्हता, बायकोवर कधी हात उगारला नव्हता, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की मांडवाचे बांबू धरायला सगळ्यात आधी हाच. खोड एकच. आपल्या नजरेचा त्याला भारी गर्व होता.

गर्वाला कारणही होतं. पर्वत पाटियाजवळच्या एका गोडाऊनमध्ये तो बावीस वर्षं कापड तपासत होता. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, काचेच्या टेबलावरून सरकत जाई, काचेखाली ट्यूबलाइट जळत असे आणि छगन समोर उभा राहून बघत असे, बस. जिथे धागा तुटलेला असतो तिथून उजेड डोकावतो. नव्या पोरांना नाक टेकवूनही जे दिसत नसे ते याला चार हातांवरून दिसे. ‘छगनभाईए पास कऱ्युं एटले पास,’ असं शेठ एकदा व्यापाऱ्यासमोर म्हणाला होता. एकदाच म्हणाला होता, पण छगनच्या घरी ते वाक्य आठवड्यातून दोनदा तरी जेवायला बसे.

दुसरा गर्व पोरीचा. योगिता तेरा वर्षांची, आठवीत. वर्षभरात चांगली चार बोटं उंच झाली होती, दिवाळीला घेतलेली सलवार संक्रांतीला घोट्याच्या वर आली. आणि पळायची अशी की खो-खोच्या खांबाला वळसा घालताना बघणाऱ्याचीच मान दुखावी. तिला खेळ शिकवला निशाने. निशा म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या श्रीपतकाकांची मुलगी. श्रीपतकाका रेल्वेतून रिटायर झालेले, घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बोलणं मोजकं. निशा चोवीस वर्षांची, खेळशिक्षणाचा कोर्स केलेली. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज सकाळी सहाला ती गल्लीतल्या पंधरा-सोळा पोरींना गोळा करी आणि शाळेच्या वेळेपर्यंत पळवी. कुणाकडून काही घेत नसे. जवळच्या एका शाळेने तिला जूनपासून खेळाची बाई म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, तेही या पोरींचा खेळ बघूनच.

जिल्ह्याच्या संघात योगिताचं नाव आलं तेव्हापासून छगन रोज सकाळी प्लॉटच्या भिंतीशी उभा राहायला लागला. चहाचा कप हातात, छाती दोन इंच पुढे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचं, ती लाल रिबिनवाली माझी.

डिसेंबरात योगिता पाय दुखतो म्हणायला लागली. गुडघ्याच्या वाटीखाली, पुढच्या बाजूला. जिना चढताना दुखे, उकिडवं बसून उठताना जास्त दुखे, आणि खो-खोत तर सारखं उकिडवं बसायचं नि उठायचं. छगनची बायको उज्ज्वला स्वयंपाक करताकरता घरच्या अहिराणीत म्हणाली, “पोरना पाय दुखी राह्यना. एकदाव दवाखानामा लई जा ना.”

“काही नही व्हयनं तिले,” छगन म्हणाला. “वाढतं अंग शे.”

बरोबर बोलला होता, पण ते त्याला माहीत नव्हतं. तो नुसता विषय मिटवत होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी निशाने त्याला भिंतीशी गाठलं. “काका, योगिताला मी थोडे दिवस बसवणार आहे,” ती म्हणाली. “गुडघ्याखाली गाठीसारखं आलंय तिच्या. मी बर्फ लावते रोज, पण तुम्ही हाडाच्या डॉक्टरला दाखवून घ्या.”

छगन हसला. “अगं, नाटकं करते ती. अभ्यासाला बसवलं की डोकं दुखतं, पळवलं की पाय दुखतो. तू पळव. महिन्यावर मॅच आली.”

“मॅच पुढच्या वर्षीपण येईल,” निशा म्हणाली. पण तो बाप होता, आणि ती त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. तिने योगिताला पळवायचं थांबवलं, तर छगन संध्याकाळी अंधार पडल्यावर पोरीला स्वतः त्याच प्लॉटवर नेऊन दहा-दहा चकरा मारायला लावू लागला. हे फक्त घरातल्या तिघांना माहीत होतं.

जानेवारीत एका शनिवारी पोरगी जिन्यातच खाली बसली आणि रडायला लागली. तेव्हा कुठे छगन हलला. गल्लीच्या तोंडाशी एक्स-रे काढायचं दुकान होतं, तिथे त्याने गुडघ्याचा फोटो काढून घेतला. काढणारा म्हणाला, “रिपोर्ट सोमवारी. डॉक्टर सोमवारी येतात, तेच सांगतील.” पण फिल्म मोठ्या खाकी पाकिटात घालून त्याने छगनच्या हातात दिली. आणि उजेडासमोर धरून बघायची वस्तू छगनच्या हातात पडल्यावर तो सोमवारपर्यंत थांबेल, हे होणं नव्हतं.

घरी येऊन त्याने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. कापडात उजेडाची फट दिसते, इथे उलटं होतं, हाड पांढरं आणि फट काळी. एवढं त्याच्या लगेच लक्षात आलं आणि मनातल्या मनात त्याने स्वतःला शाबासकीही दिली. मग त्याला ती दिसली. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आडवी काळी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नळीच्या हाडाच्या वरच्या टोकाला तशीच दुसरी. आणि वाटीखाली पुढच्या बाजूला हाडाचा एक तुकडा, सुटून बाजूला झाल्यासारखा. बावीस वर्षांत एवढा ढळढळीत दोष त्याने पाहिला नव्हता.

“मोडी गयं,” तो म्हणाला. “दोन जागावर मोडी गयं.”

उज्ज्वला हातातलं पीठ तसंच ठेवून धावत आली. योगिता म्हणत होती, “पप्पा, मी पडलेच नाही कुठे. पडल्याशिवाय कसं तुटेल?” पण छगनला आता दिसलं होतं, आणि त्याला जे दिसलं ते नसतं असं आजवर झालेलं नव्हतं. रात्रभर तो कूस बदलत होता. पोरीला संध्याकाळी आपणच पळवलं, हे त्याला आठवत होतंच. ते इतकं आठवत होतं की सकाळपर्यंत दुसरं कुणीतरी सापडणं भाग होतं.

रविवारी सकाळी प्लॉटवर गर्दी होती. सुट्टीमुळे पोरींचे आईबाप आलेले, मॅच जवळ आलेली. छगन पाकीट घेऊन गेला आणि सगळ्यांच्या मधोमध फिल्म काढून सूर्यासमोर धरली.

“बघा,” तो म्हणाला. “हे माझ्या पोरीचं हाड. ही फट इथे, ही दुसरी. हा तुकडा. हे या निशाने केलंय.”

बघायला सगळे पुढे सरले. त्यात सुपडूही होता. सुपडूचे दोन टेम्पो होते, कापडाच्या गाठी वाहायचे, आणि आवाज त्या दोन्ही टेम्पोंच्या हॉर्नपेक्षा मोठा. “हो की, साफ दोन भाग दिसतात,” तो म्हणाला. त्याला काय दिसलं ते त्यालाच ठाऊक.

निशा शिट्टी गळ्यात तशीच घेऊन जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. तिने आधी योगिताकडे पाहिलं, मग छगनकडे. “काका, डॉक्टरांना दाखवलं का हे?”

“मला डॉक्टर कशाला लागतो? बावीस वर्षं तेच करतो मी.”

“तरी एकदा दाखवा. मोडलं असतं तर ती उभी राहू शकली नसती.”

तिने एवढंच म्हटलं. मी तुम्हाला महिन्यापूर्वी सांगितलं होतं, हे ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर छगनला भांडायला काहीतरी मिळालं असतं. ती गप्प राहिली आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. तिने योगिताला आधार द्यायला हात पुढे केला तेव्हा तो ओरडला.

“आजपासून आमच्या पोरींना हात लावायचा नाही. तुम्ही लोकांनी तर नाहीच.”

कोण ‘तुम्ही लोकं’, हे तिथल्या लहान पोरींनाही कळलं. एक बाई आपल्या मुलीची वेणी सारखी करायला लागली. सुपडूने खाकरून घेतलं. निशाने वाकून दोन्ही खांब उपटले, खांद्यावर घेतले आणि चालायला लागली. खांब जड होते. त्या दिवशी तिच्या मदतीला एकही पोर धावली नाही, कारण प्रत्येक पोरीचा दंड कुणाच्या तरी हातात होता.

सोमवारी छगन योगिताला हाडाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर गुजराती, तरुण, घाईत असलेला. छगनने बसायच्या आतच सांगितलं, “साहेब, हड्डी दो जगह टूटी है. मैंने देखा है.”

“कुठे?” डॉक्टरने फिल्म काचेवर लावली, मागचा दिवा पेटवला. छगनने बोट ठेवलं, ताक्यावर ठेवतो तसंच, चुकायची शक्यता नसलेलं.

डॉक्टर पोरीकडे वळला. त्याने योगिताला झोपवलं, गुडघा वाकवून पाहिला, वाटीखालचा उंचवटा अंगठ्याने हळूच दाबला. ती कळवळली. मग त्याने छगनला सांगितलं, शेजारच्या खोलीत दुसऱ्या पायाचाही फोटो काढून आणा. छगनला वाटलं, बिल वाढवतोय.

दुसरा फोटो आला. डॉक्टरने दोन्ही शेजारी-शेजारी लावले. डाव्या पायात जिथे रेघ, उजव्या पायात तिथेच रेघ. तेवढीच जाड, तशीच आडवी.

“बेटा, हा पाय दुखतो?” डॉक्टरने उजव्या पायाला हात लावून विचारलं.

“नाही,” योगिता म्हणाली.

“तो आ पण तूटेलो छे?” डॉक्टर छगनकडे वळला. म्हणजे मग हाही मोडलाय का? तो चिडला नव्हता. पण छगन फिल्मपासून एक पाऊल मागे सरला.

मग डॉक्टरने समजावलं. वाढत्या पोराचं हाड एकसंध नसतं. लांब हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेचा एक पट्टा असतो, आणि हाड लांबीला वाढतं ते त्या पट्ट्यातून. कूर्चा फोटोत दिसत नाही, म्हणून तिथे काळी रेघ दिसते. पाय सगळ्यात जास्त वाढतो तो गुडघ्याच्या आसपास, म्हणून तिथली रेघ अशी ठसठशीत. मुलींची चौदा-पंधरा-सोळाला भरून येते, मुलांची आणखी दोनेक वर्षांनी. आणि वाटीखालचा तो तुकडा सुटलेला नव्हता, अजून जोडला जायचा होता. मांडीचा मोठा स्नायू तिथे येऊन हाडाला धरतो. पोरगी भराभर वाढते, त्यात पळणं, उड्या, बसणं-उठणं. तो स्नायू त्या कोवळ्या हाडाला ओढत राहतो, मग ते सुजतं, दुखतं, वर येतं. खेळणाऱ्या पोरांत हे नेहमीचं आहे. पाच-सहा आठवडे पळणं बंद, बर्फ, थोडे व्यायाम. मग खेळू दे. उंचवटा कदाचित राहील, दुखणं राहणार नाही.

“तुमच्याही गुडघ्यात होती ही रेघ, या वयात,” डॉक्टर म्हणाला. “माझ्याही. सगळ्यांच्याच असते.” मग त्याने योगिताला विचारलं, “बर्फ कुणी लावायला सांगितला?”

“निशाताईंनी. बसून राहा म्हणून पण त्यांनीच सांगितलेलं.”

“बरोबर सांगितलं. मग हे इतकं वाढलं कसं?”

योगिताने बापाकडे पाहिलं नाही. खाली बघून म्हणाली, “मी ऐकलं नाही.”

पोरीने त्याच्यासाठी खोटं बोलावं, तेही त्याच्या समोर, आणि त्याने ते बोलू द्यावं. छगनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने तोंड उघडलं नाही. दोन्ही फिल्म पाकिटात घालून तो बाहेर आला, आणि पोरीला मोटारसायकलवर बसवून घरी आणलं.

इथे त्याला संधी होती. सोमवारी संध्याकाळी सुपडू जिन्यात भेटला. “काय म्हणे डॉक्टर?” त्याने विचारलं. पाकीट छगनच्या काखेत होतं. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते.

“आराम सांगितलाय,” छगन म्हणाला.

हे खोटं नव्हतं. एवढं बेतलेलं खरं तो जन्मात कधी बोलला नसेल. वर जाऊन त्याने पाकीट गादीखाली सरकवलं. उज्ज्वला बघत होती. योगिताने तिला सगळं सांगितलंच होतं.

“निशानी तुमले सांगेल व्हतं,” ती म्हणाली. “मी बी आयकेल व्हतं.”

तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

मंगळवारी सुपडू निशाला घेणार असलेल्या त्या शाळेत गेला. त्याची मुलगी त्याच शाळेत होती. त्याने मोठ्या बाईंच्या कानावर घातलं की ती निशा पोरींना इतकं पळवते की एकीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, फोटो आम्ही डोळ्यांनी पाहिला. गुरुवारी ही बातमी छगनपर्यंत आली. शाळेने निशाला कळवलं होतं, जूनचं आता नक्की धरू नका. बातमी सांगणाऱ्याला वाटलं छगन खूश होईल. छगन टेबलाशी उभा होता, समोरून ताका सरकत होता. त्या दिवशी त्याच्या हातून तीन ताके दोषासकट पास झाले.

शुक्रवारी दुपारी अर्धी सुट्टी टाकून तो श्रीपतकाकांच्या घरी गेला. पंधरा वर्षांची ओळख, पण या उंबऱ्याच्या आत तो पहिल्यांदाच आला होता, आणि हे त्याच्या लक्षात आलं ते आत आल्यावर. श्रीपतकाकांनी खुर्ची दिली, आतून पाणी आणलं. छगनने तांब्या घटाघटा रिकामा केला. तहान नव्हती.

निशा दारात येऊन उभी राहिली. छगनने पाकिटातून दोन्ही फिल्म काढल्या आणि रेघ दाखवून डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. कूर्चा, स्नायू, पाच-सहा आठवडे. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाला, “माझं चुकलं. मी उद्या शाळेत जाऊन बाईंना हे दाखवतो.”

“दाखवा,” निशा म्हणाली. “पण फोटो वाचता आला नाही, यात काय एवढं? मलाही नाही येत.”

छगनला हायसं वाटलं. तो उठायला लागला.

“काका,” ती म्हणाली, “दुसरंही काही बोलला होतात.”

तो परत बसला. श्रीपतकाका खिडकीबाहेर बघत होते. “ते... रविवारी...” छगन म्हणाला आणि फिल्म पाकिटात घालायला लागला.

“इथे नका बोलू,” निशा म्हणाली. “इथे मी, बाबा आणि तुम्ही. दार लावलं की संपलं. ते जिथे बोलला होतात, तिथे बोलता आलं तर बघा. नाही आलं तर राहू द्या.”

शनिवारी तो शाळेत जाऊन आला. मोठ्या बाईंनी दोन्ही फिल्म पाहिल्या, हसून म्हणाल्या, अहो, आधी विचारायचं तरी कुणाला. जूनचं पुन्हा बघू म्हणाल्या. ते सोपं गेलं. रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग होती, त्याच प्लॉटवर. प्लॉट आता रिकामाच पडलाय तर तिथे टेम्पो लावावेत, असा विषय सुपडूने काढला होता. छगन उठला, अंघोळ केली आणि योगिताला म्हणाला, “निशाताईंना बोलावून आण. श्रीपतकाकांनापण.” आठ दिवसांत पोरीशी धड बोललेलं हे पहिलं वाक्य. ती लंगडत गेली.

मीटिंग सुरू व्हायच्या आत छगन उभा राहिला. निशा मागे भिंतीशी येऊन थांबली होती. त्याने दोन्ही फिल्म दोन हातांत धरल्या आणि सांगितलं, हा दुखरा पाय, हा चांगला पाय, रेघ दोन्हीकडे आहे, प्रत्येक वाढत्या पोराला असते. काही मोडलेलं नव्हतं. निशाने पोरीला बसवलं होतं, मीच संध्याकाळी तिला पळवत होतो. लोक ऐकत होते. मग कुणीतरी हसलं, आणि सगळे मोकळे झाले. “पोरगी बरी आहे ना, मग झालं तर,” एक जण म्हणाला. “चूक माणसाकडूनच होते,” सुपडू मोठ्या मनाने म्हणाला. “बस आता, छगन.”

सगळे त्याला बसवायला बघत होते. इतक्या मायेने त्याला आजवर कुणी बसवलं नव्हतं. तो उभाच राहिला.

“अजून एक आहे,” तो म्हणाला. “गेल्या रविवारी मी हिला एक वाक्य बोललो.”

“जाऊ दे रे ते,” सुपडू म्हणाला.

पण कशाची माफी मागतोय ते सांगायचं तर वाक्य बोलावं लागतं. छगन ते बोलला, जसंच्या तसं. आमच्या पोरींना हात लावायचा नाही. तुम्ही लोकांनी तर नाहीच. रागात ते ओरडण्यात मिसळून गेलं होतं. आता शांतपणे, सकाळच्या उन्हात, सावकाश बोलल्यावर त्यातला एकेक शब्द सुटा ऐकू आला. बायकांनी माना खाली घातल्या.

“रागात तोंडून जातं माणसाच्या,” कुणीतरी म्हणालं.

“नाही,” छगन म्हणाला. “रागात आलं नाही ते. आधीपासून होतं आत. रागात फक्त बाहेर पडलं. ताई, मला लाज वाटते त्याची. मी माफी मागतो.”

तो तिला पहिल्यांदाच ताई म्हणाला होता. निशाने भिंत सोडली. मग पुढे आली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी उद्यापासून आमच्या गल्लीमागच्या मैदानावर सराव घेणार आहे. ज्यांना पाठवायच्या त्यांनी पोरी पाठवा. योगितालापण पाठवा, पाय बरा होईपर्यंत ती गुण लिहील. पण काका, तुम्ही बघायला येऊ नका.”

“बरं, ताई,” छगन म्हणाला.

ती गेली. तिच्या मागोमाग श्रीपतकाका गेले. माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही, आणि विचारायचं छगनला धाडस झालं नाही.

घरी जाताना जिन्यात योगिता थांबली. एका पायावर भार टाकून, कठड्याला धरून उभी राहिली. छगनला वाटलं पाय दुखतोय.

“पप्पा,” ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात ते आधीपासून होतं. मग ते माझ्यातपण असेल का?”

छगन नाही म्हणणार होता. तोंडात शब्द आलाच होता. ती तर निशाच्या मागे-मागे फिरायची, तिच्या शिट्टीवर उठायची-बसायची, हिच्यात कुठून असेल? आणि मग त्याला आठवलं. गेल्या वर्षी ती प्लॉटवर निशाच्या बाटलीतलं पाणी पिताना त्याने पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला निळी बाटली आणून दिली होती. दुसऱ्याचं पाणी प्यायलं की सर्दी होते, असं सांगितलं होतं. पोरीने ते खरं मानलं. वर्षभर रोज स्वतःची बाटली घेऊन गेली, आणि निशाने पाणी पुढे केलं की सर्दी होते म्हणून नको म्हणत राहिली.

छगन जिन्याच्या पायरीवर बसला. तिलाही शेजारी बसवलं, पाय लांब करायला लावला. आणि तिला बाटलीचं खरं कारण सांगितलं.